नाव जाहीर होईपर्यंत

निवडणूक लागली की एसटीच्या वाहकाला दिवसभरात पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतो. ‘काय कंडक्टर साहेब, हवा कुणाची?’ विचारणाऱ्याचा हिशेब साधा असतो. हा माणूस सकाळपासून गावोगावची माणसं चढवतो-उतरवतो, याच्या कानावर सगळंच पडत असणार. पडतंही. पण आमच्या नोकरीत कुणाची बाजू घेऊन बोलता येत नाही, आणि आचारसंहिता लागली की जीभ आणखीच आवरावी लागते. म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे, ‘हवा गरम आहे, खिडकी उघडा.’ लोक हसतात, खिडकी उघडतात आणि आपापसांत सुरू होतात. तिकीट हा शब्द त्यांच्या आणि आमच्या दोघांच्याही कामाचा असल्यामुळे त्यावरून होणारा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय, की तो इथं लिहीत नाही.

माहूर आगाराच्या गाड्या किनवटकडं, पुसदकडं, नांदेडकडं जातात, तशा आडवळणाच्या खेड्यांत मुक्कामालाही जातात. इथं बदलून येण्याआधी नोकरीची सुरुवातीची वर्षं मी लातूर विभागात, अहमदपूरला काढली. म्हणजे दोन जिल्ह्यांतली आणि तीन-चार मतदारसंघांतली निवडणूक मी उभ्यानं ऐकली आहे, एका हाताला वरचा दांडा आणि दुसऱ्या हातात तिकिटाचं मशीन.

पेपरवाले मतदानाआधीचे आठ दिवस महत्त्वाचे धरतात. गाडीत खरं बोलणं होतं ते त्याच्या कितीतरी आधी, उमेदवाराचं नाव जाहीर व्हायचं असतं तेव्हा. एकेका पक्षात चार-चार, पाच-पाच इच्छुक असतात, कुणाचंच नक्की नसतं. तेवढ्या दिवसांत माणूस स्वतःच्याच पक्षाशी भांडतो. हयातभर एकाच चिन्हावर शिक्का मारत आलेला म्हातारासुद्धा आपल्याच इच्छुकाची पार साल काढतो. कोण बापाच्या तेराव्याला आला होता, कुणाचा फोन नेहमी पीएच उचलतो, कुणी रस्त्याचा नारळ फोडून पुन्हा तोंड दाखवलं नाही, कुणाचा जावई ठेकेदार आहे, सगळं नावानिशी निघतं. विशेष म्हणजे समोरच्या पक्षातल्या बऱ्या माणसाला त्या दिवसांत बरा म्हणता येतं. ‘माणूस चांगला हाय हो, पक्ष चुकला त्याचा,’ हे वाक्य मी दर खेपेला ऐकतो, आणि ते याच दिवसांत.

नाव आलं की दुसऱ्या दिवशी तोच म्हातारा त्याच आसनावर बसून त्याच इच्छुकाची पाठराखण करतो. आता तो उमेदवार झालेला असतो ना. मग बोलण्यात तेच तेच यायला लागतं, आवाज तेवढा चढतो. आणि मतदान चार दिवसांवर आलं की गाडी अगदीच गप्प होते. मागच्या आसनावर कोण बसलंय हे बघून माणूस तोंड उघडतो.

गंमत अशी, की ज्या दिवसांत लोक इतकं नेमकं आणि निर्भीड बोलतात, त्या दिवसांत त्या बोलण्याला कुणी विचारत नाही. नाव मुंबईत ठरायचं असतं, नाहीतर दिल्लीत. लोकांच्या बोटाला किंमत येते तोवर बोलणं संपलेलं असतं. हे असंच चालायचं असं मी धरून चाललो होतो. एकदाच त्याला जरा फट पडलेली पाहिली, ती लातूरला, 2014 साली.

तो मार्च अहमदपूर-चाकूर-लातूर रस्त्यावरच्या कुणालाही विसरता येणार नाही. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झालेली गारपीट थांबायचं नाव घेत नव्हती. गव्हाची आडवी झालेली शेतं, ज्वारीची काळी पडलेली कणसं, हरभरा मातीत गेलेला. गाडीत चढणारा प्रत्येक जण एक तर पंचनाम्याला चाललेला, नाहीतर पंचनामा झाला नाही म्हणून तहसीलला चाललेला. आणि त्याच दिवसांत काँग्रेसनं लातूरच्या उमेदवारासाठी पक्षांतर्गत निवडणूक ठेवली होती. अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी प्रायमरी होतात, तशी. राहुल गांधींची ही कल्पना, देशात पंधरा-सोळा मतदारसंघांत करून बघायची ठरली होती. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा.

लातूरला त्याची गरज का वाटली, हे गाडीतल्या माणसांना नीट ठाऊक होतं. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यावर 2009 ला काँग्रेसनं जयवंतराव आवळे यांना उभं केलं. ते कोल्हापूरकडचे. विलासराव देशमुख होते म्हणून निघालं, असं लोक म्हणत. तरी मताधिक्य आठ हजारांच्या आतच राहिलं. 2012 च्या ऑगस्टमध्ये विलासराव गेले. आता बाहेरचा नको, आपल्यातला द्या, ही मागणी अहमदपूरच्या स्टँडवरसुद्धा ऐकू यायची. त्यामुळं कार्यकर्तेच उमेदवार निवडणार म्हटल्यावर लोकांना आधी खरं वाटलं नाही, आणि मग फारच खरं वाटलं. आपल्यालाही मत आहे, असा कित्येकांचा समज झाला.

तसं काही नव्हतं. मत होतं ते ब्लॉक आणि जिल्हा काँग्रेसच्या पदाधिकाऱ्यांना, युवक आणि महिला काँग्रेसच्या निवडून आलेल्या मंडळींना, पक्षाच्या लोकप्रतिनिधींना वगैरे. अशी माणसं सहसा जीपमधून फिरतात, एसटीत दिसत नाहीत. पण एक दिसला. चाकूरला चढलेला युवक काँग्रेसचा एक पोरगा, पंचविशीतला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात ओळखपत्र. शेजारच्यानं सहज विचारलं, कुठं निघालास. त्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, ‘मला मत हाय ह्यात.’

पुढचा अर्धा तास मी तिकिटं फाडायची सोडून ते बघत राहिलो असतो तर बरं झालं असतं. गाडीत पन्नास-पंचावन्न माणसं, त्यातल्या एकालाच मत, आणि बाकीची सगळी त्याच्या आसनाभोवती. काँग्रेसवाले होते तसे सेना-भाजपवालेही होते, त्यांचा तर काहीच संबंध नव्हता. पण सल्ला सगळ्यांकडं होता. एकानं विचारलं, ‘कुणाला द्यायलास?’ पोरगा म्हणाला, ‘काका, मतदान गुप्त असतंय.’ त्यावर धोतराच्या सोग्यात तहसीलचे कागद गुंडाळून धरलेले एक शेतकरी म्हणाले, ‘आमच्यापाशी ठीव गुप्त. पण तिथं गेल्यावर एवढं उघड बोल, की बाबा, गारा पडल्यात, आन् तुमच्यातला येक बी बांधावर आला न्हाई. जो बांधावर येतो म्हणंल त्याला दे.’ दुसरा म्हणाला, ‘आता कुणीबी येतो म्हणंल. जो येऊन गेलाय त्याला दे.’ लगेच इच्छुकांपैकी कोण कुठल्या गावात येऊन गेला याची उजळणी सुरू झाली. एका इच्छुकाच्या नावावर दोन गावं जमा झाली, त्यातलं एक लगेच वजा झालं, कारण त्याच गावची बाई मागच्या आसनावर होती. ‘गाडीतून उतरला बी न्हाई तो. काच खाली केली, आन् गेला.’

पोरगा घामाघूम झाला. तो बिचारा एका गटाकडून शब्द देऊन आलेला असणार. लातूरच्या स्टँडवर उतरताना त्याला एका म्हाताऱ्यानं हात जोडले. चेष्टेत जोडले की मनापासून, कळलं नाही. 

त्या निवडणुकीतून दत्तात्रय बनसोडे यांचं नाव आलं. 17 एप्रिलला मतदान झालं आणि 16 मे रोजी भाजपचे सुनील गायकवाड अडीच लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना मागं टाकून उमेदवारी मिळवली, तेही पडले. बडोद्यात तर कार्यकर्त्यांनी निवडलेले नरेंद्र रावत नरेंद्र मोदी तिथून उभे राहणार म्हटल्यावर बाजूला झाले आणि मधुसूदन मिस्त्री लढले. महाराष्ट्रात काँग्रेसला त्या वर्षी दोनच जागा मिळाल्या. नांदेडला अशोक चव्हाण आणि हिंगोलीत राजीव सातव, तेही 1,632 मतांनी. दोन्ही ठिकाणी प्रायमरी-बियमरी काही नव्हती. मग ‘बघा, कार्यकर्त्यांना विचारलं की असं होतं,’ असं म्हणायला सगळे मोकळे झाले आणि तो प्रयोग तिथंच विरला.

मला तो निष्कर्ष पटत नाही. त्या वर्षीची लाट अशी होती की कुणीही कसाही निवडला असता तरी लातूरला काँग्रेसचं तेच झालं असतं. प्रयोगात खोट होती ती दुसरीच. एका माणसाला मत द्यायचं आणि पंचावन्न माणसांना त्याच्याभोवती उभं करायचं, ही ती खोट. पण त्या अर्ध्या तासात मी जे ऐकलं, ते नंतर कुठल्या जाहीर सभेत ऐकलं नाही. आपल्या बोलण्याचा कुठंतरी उपयोग होणार आहे, अशी एवढीशी शंका आली तरी माणसं किती नीट बोलतात! एरवी ‘सगळे सारखेच’ म्हणून खिडकीबाहेर थुंकणारेसुद्धा त्या दिवशी या गावाला कोण आला आणि त्या गावाला कोण नाही, याचा हिशेब मांडत होते.

माहूरला आल्यावर ऐकण्याची पद्धत बदलावी लागली. किनवट विधानसभेत किनवट आणि माहूर असे दोन तालुके, आणि लोकसभेला आम्ही हिंगोलीत. जिल्हा नांदेड, खासदार हिंगोलीचा, बाजार पुसद-यवतमाळचा. पैनगंगेच्या पुलावरून धनोड्याकडं गेलं की विदर्भ लागतो आणि गाडीतली बोलीही पालटते; तिकडून चढणारा ‘मले एक माहूर द्या’ म्हणतो. तांड्यावरची मंडळी आपसांत गोरमाटीत बोलतात, गोंड म्हाताऱ्या गोंडीत. मला निम्मं कळत नाही. इच्छुकांची नावं तेवढी सगळ्या भाषांत कळतात, आणि नाव घेताना आवाज कसा लागला यावरून पुढचंही कळतं.

मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि पंच्याहत्तरीच्या वरच्यांना त्याच्या आधीपासून फुकट. त्यामुळं 2024 ची निवडणूक मी मुख्यतः बायका आणि म्हातारे यांच्या तोंडून ऐकली. आधी बायका दोघी-चौघी असायच्या आणि राजकारण निघालं की पदर सावरून बाहेर बघायच्या. आता निम्मी गाडी त्यांचीच. त्यांचं मोजमाप वेगळं असतं. सभेत कोण काय बोललं याच्याशी त्यांना घेणं नसतं. एकदा वाई बाजारहून नांदेडला नातवाला घेऊन निघालेल्या एका मावशीनं माझ्यासमोर दोन्ही पक्षांच्या इच्छुकांचा निकाल लावला. विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात कुणाच्या फोनवर खाट मिळते आणि कुणाच्या फोनवर नुसतं ‘बघतो’ मिळतं, एवढ्यावर. शेजारची म्हणाली, ‘पण माय, खाट मिळायला फोन कामून लागावा?’ त्यावर मात्र कुणाला उत्तर सुचलं नाही आणि बोलणं लग्नाच्या बस्त्याकडं वळलं.

मार्चच्या शेवटी हिंगोलीत जे झालं ते बहुतेकांना आठवत असेल. विद्यमान खासदार हेमंत पाटील यांचं नाव शिंदे गटाच्या शिवसेनेनं 28 मार्चला जाहीर केलं. युतीतल्या भाजपच्या स्थानिक मंडळींचा त्याला विरोध होता, त्यांना ही जागाच आपल्याकडं हवी होती. आमच्याकडं नाव जाहीर झालं की चर्चा संपते, पण या खेपेला नाव जाहीर होऊनही संपेना. होळी नुकतीच झालेली, उन्हाचा तडाखा, आणि सकाळच्या किनवट गाडीत युतीचीच माणसं एकमेकांच्या उरावर. एक म्हणायचा, नांदेडचा माणूस हिंगोलीला कशाला. दुसरा म्हणायचा, मागच्या खेपेला पावणेतीन लाखांनी आला तेव्हा नांदेडचा नव्हता का. विरोधातला एखादा मध्ये बोलायला गेला की दोघं मिळून त्याला गप्प करायचे, ‘तुम्ही थांबा हो, हे आमच्या घरातलं हाय.’

त्याच आठवड्यात हवा कशी तयार होते हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं. सारखणीला एक सेवानिवृत्त गुरुजी चढले. भांडण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘मला वाटतं, हे नाव काही टिकत नाही.’ बस्स, एवढंच. ना त्यांना कुणाचा फोन आलेला, ना ते कुठल्या पक्षात. किनवटला उतरले, भाजी घेऊन घरी गेले. त्या रात्री माझी मुक्कामी गाडी होती. मारुतीच्या पारावर जेवणाचा डबा सोडला तर नेहमीप्रमाणं पाच-सात जण येऊन बसले. त्यातला एक म्हणाला, ‘कंडक्टर साहेब, नाव बदललं म्हणं. सारखणीत पक्की खबर हाय.’ सकाळी साडेनऊ वाजता एका शिक्षकाच्या तोंडून निघालेला अंदाज संध्याकाळी मुक्कामाच्या गावात माझ्याच आधी पोचला होता, तोही पक्की खबर होऊन. मी म्हटलं, अहो, ते नुसतं वाटतं म्हणाले. पण ‘वाटतं’ वाटेत कुठंतरी उतरून गेलं होतं.

आणि खरंच नाव बदललं. अर्ज भरायची मुदत 4 एप्रिलला संपणार होती. आदल्या दिवशी बाबुराव कदम कोहळीकर यांचं नाव आलं. हेमंत पाटील यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना पैनगंगेपलीकडं यवतमाळ-वाशीममधून उमेदवारी मिळाली आणि तिथं पाच वेळा खासदार झालेल्या भावना गवळी घरी बसल्या. म्हणजे पुलाच्या अलीकडं आणि पलीकडं एकाच दिवसात दोन्हीकडची चर्चा उलटीपालटी. त्या मुक्कामाच्या गावात माझं वजन एकदम वाढलं. पुढं कितीतरी दिवस ते मला हळू आवाजात विचारायचे, ‘आता काय खबर?’ 

त्या पारावरचं एक बोलणं मात्र मला महत्त्वाचं वाटतं. नाव बदलल्यावर भाजपचा म्हणवणारा एक जण खूश होता, ‘आमचं ऐकलं शेवटी.’ त्याच्यासमोर सेनेचा एक जुना कार्यकर्ता, शाखेच्या पाटीपासून काम केलेला. तो म्हणाला, ‘तुमचं ऐकलं, चांगलं झालं. पण ज्याच्यासाठी मी सहा दिवस गावात भांडलो, त्याचं नाव काढताना मला कुणी विचारलं का? आन् आज ज्याचं नाव दिलं, त्याच्यासाठी आता भांड म्हणायलेत.’ तिसऱ्यानं विषय वेगळ्याच दिशेला नेला. दोन्ही सेनांचे उमेदवार हदगाव तालुक्यातले, एक कोहळीचे, दुसरे आष्टीचे नागेश पाटील. ‘तेंव्हा भांडण त्यांच्या गावचं हाय. आपण किनवट-माहूरवाल्यांनी काय बघायचं? हिंगोलीला एका कामासाठी जायचं म्हटलं तर आपला दिवस मोडतो. खासदार कुठं बसणार तेवढं विचारा.’ त्यावर बराच वेळ बोलणं चाललं. माहूरगडावरच्या लिफ्टपासून किनवट जिल्हा व्हावा इथपर्यंत सगळं निघालं. मी अंथरूण गाडीत टाकलं तरी पारावर चालूच होतं.

मतदान 26 एप्रिलला. आदल्या दिवशी निम्म्या गाड्या मशीन आणि मतदान पथकं पोचवायला जातात, त्यावर बहुधा चालकच जातो. आम्ही वाहक स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीशी प्रवाशांची बोलणी खात बसतो. 4 जूनला नागेश पाटील आष्टीकर लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. शिंदे गट उमेदवार बदलल्यानं पडला की मूळचा ठेवला असता तरी पडला असता, यावर आमच्या गाडीत दोन तट आहेत आणि दोघांकडंही पुरावा नाही. 

एक प्रवासी मात्र कुठल्याच तटात नसतो. त्यांचं गाव निम्न पैनगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात येतं. खालच्या अंगाच्या लोकांना त्या धरणाचं पाणी हवंय, वरच्या गावांना धरण नकोय, आणि हे वर्षानुवर्षं चाललंय. हे काका तिकीट घेतात, बसतात आणि गाडीत इच्छुकांची उणीदुणी सुरू झाली की शांतपणे एकच विचारतात, ‘धरणावर काय म्हणतो तो?’ बोलणारा अडखळतो, कारण धरणावर तो इच्छुक काही म्हणालेलाच नसतो. इच्छुक असेपर्यंत कुणीच काही म्हणत नाही. एका बाजूचं बोलावं तर दुसरी बाजू जाते. काकांना ते माहीत आहे. तरी विचारतात. एकदा चिडून कुणी म्हणालं, ‘काका, दरवेळेस एकच कॅसेट काऊन लावता?’ ते म्हणाले, ‘माझं गाव एकच आहे ना.’

नवरात्राच्या दिवसांत खासगी गाड्या खाली अडवतात आणि गडावर जायला एसटीच असते. उभं राहायला जागा नसते, पान-तांबुलाच्या प्रसादाच्या पुड्या हातांवर धरलेल्या, घाटात गाडी अडकली की वीस-वीस मिनिटं. 2024 च्या ऑक्टोबरात अशा एका खोळंब्यात अमेरिकेत नोकरीला असलेला एक तरुण भेटला, रेणुकामाता कुळदैवत म्हणून आईला घेऊन आलेला. कुणीतरी त्याला छेडलं, ‘तुमच्याकडं तर उमेदवार पण लोकच निवडतात म्हणं.’ तो खुलला. आयोवा नावाच्या राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक थंडीत शाळेच्या हॉलमध्ये कसे जमत, आपापल्या इच्छुकाच्या कोपऱ्यात उभे राहत, ज्याच्याकडं पंधरा टक्के माणसं जमली नाहीत त्याच्या लोकांना शेजारीपाजारी ‘इकडं या, आमच्याकडं या’ म्हणून कसं ओढत, हे त्यानं हात हलवून सांगितलं. गाडीला ते फार आवडलं. एक आजी म्हणाल्या, ‘म्हंजे भांडून झाल्यावर कोपरा बदलता येतो. चांगलं हाय की.’

मग कुणीतरी विचारलं, यंदा कोण निवडलं तुम्ही? तो जरा थांबला. त्या वर्षी प्रायमरीत बायडन जिंकले, पण जुलैमध्ये ते बाजूला झाले आणि कमला हॅरिस यांचं नाव पुढं आलं. ‘लोकांनी पुन्हा मत दिलं का?’ लोकांनी नाही, पक्षाच्या प्रतिनिधींनी दिलं, असं त्यानं सांगितलं. गाडीत खसखस पिकली. ‘मग हिंगोलीच झालं की हो!’ तो समजावत होता, की तसं नाही, तिथं नियम असतात, प्रतिनिधी निवडून आलेले असतात. बरोबरच होतं त्याचं. पण गाडी सुटली होती आणि माणसं उतरायच्या गडबडीत होती.

नोव्हेंबरच्या विधानसभेत आमच्याकडं चर्चेला वावच नव्हता. भीमराव केराम आणि प्रदीप नाईक, 2019 ला होते तेच दोघं पुन्हा समोरासमोर. दोघांबद्दल जे बोलायचं ते लोकांनी आधीच बोलून घेतलेलं. इच्छुकांची रांग नाही, नाव कापलं जायची भीती नाही, त्यामुळं त्या हंगामात गाडीत राजकारणापेक्षा सोयाबीनच्या भावावर जास्त बोलणं झालं. सरकारी योजनेचे पंधराशे रुपये बायकांच्या खात्यात आले की नाही यावरही. मला आपलं वाटायचं, निदान बंडखोरी तरी व्हावी एखादी. प्रवास कंटाळवाणा झाला होता.

नगरपंचायतीचं काय सांगावं. माहूरची निवडणूक झाली तेव्हा, 2021 च्या डिसेंबरात आणि 2022 च्या जानेवारीत, आमचाच संप चालू होता आणि गाड्या आगारात उभ्या होत्या. तसंही सतरा जागा, प्रभाग एवढाले, आणि जो तो कुणाचा तरी मेव्हणा. तिथं कोण कुणाविरुद्ध मोकळं बोलणार?

2025 च्या ऑक्टोबरात जिल्हा परिषदेच्या गटांची आरक्षण सोडत निघाली आणि गाडीला पुन्हा तोंड फुटलं. वर्षभर तयारीत असलेले इच्छुक एका चिठ्ठीनं बाद, आणि ज्यांनी कधी मनात आणलं नव्हतं त्यांच्या दारात माणसं. सारखणीच्या पुढं एक गृहस्थ बायकोसोबत चढले. त्यांचा गट महिलेसाठी सुटला होता. दोन वर्षं वाढदिवसाचे फलक लावून, लग्नांना आहेर करून त्यांनी केलेली पेरणी वाया जाते की काय, अशी वेळ. पण माणूस खमका. आसनावर टेकायच्या आत त्यांनी शेजाऱ्यांना जाहीर करून टाकलं, ‘आता आमच्या हिला उभं करायलो.’

बाई खिडकीशी बसल्या होत्या. मी त्यांचं अर्धं तिकीट काढून हातात दिलं. त्या नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘मला विचारलं का कुणी?’

मागच्या आसनावरच्या बायकांनी लगेच कान टवकारले. एकीनं विचारलं, ‘का हो ताई, तुम्ही नाही तर मग कोण?’

‘आमच्या गावची आशाताई हाय ना. रात्री-बेरात्री बाळंतिणीला घेऊन किनवटला जाणारी. गटातल्या समद्या गावांत तिला वळखतात. मला कोण वळखतंय? ह्यांची बायको म्हणून वळखतात.’

गृहस्थ कासावीस झाले. ‘अगं, तिचा नवरा समोरच्या पक्षात हाय!’

‘नवरा हाय. ती कुठं हाय, ते विचारलं का तिला?’ बाई म्हणाल्या. ‘नसंल तर घ्या की आपल्यात. अजून नाव कुठं जाहीर झालंय.’